गळके छप्पर आणि वैशाखातील आळस

कुंडलिकेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कोलाडास पावसाचे नवल ते काय? रोहे तालुक्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, हे शेंबड्या पोरासही ठाऊक आहे. असे असता मृग लागल्यावरच आमच्या गृहस्थांस छपराची आठवण व्हावी, आणि घरभर पातेली मांडून झाल्यावर कारागिराचा शोध सुरू व्हावा, यास दैव म्हणावयास आम्ही तयार नाही. हा निव्वळ आळस होय.

आमचे वाडवडील वैशाखात कौले उतरवून, वासे व रिपा तपासून, पालापाचोळा झाडून घर शाकारीत. थेंब जेथे पडतो तेथेच भोक असते असे नाही; फुटक्या कौलातून शिरलेले पाणी रिपेवरून, वाशावरून ओघळत चार हात दूर टपकते. ते भोक कोरड्या दिवसांत, कौल उचलूनच सापडावयाचे. भर पावसात निसरड्या कौलांवर मजूर चढविणे म्हणजे आपल्या आळसाची किंमत त्याच्या जिवाने चुकविणे होय.

स्लॅब घातला की चिंता मिटली, हा समजही खोटा. सपाट गच्चीवर साचलेले पाणी भेगांतून सळयांपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे सुटतात. मग त्याच गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहते. उतरत्या छपरास गावंढळ म्हणून ज्यांनी रजा दिली, त्यांनीच त्यास दुप्पट खर्चाने पुन्हा डोक्यावर घेतले, ही मौज पाहण्यासारखी आहे! पत्राही नीट बसविला पाहिजे. खिळा पन्हळीत न मारता उंचवट्यावर, वायसर घालून मारावा. आणि बांधणी पक्की असावी. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा किती पत्रे उडाले हे जिल्हा विसरलेला नाही.

खरी अडचण भाड्याच्या गाळ्यांची आहे. मालक म्हणतो, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कसली? भाडेकरू म्हणतो, घर माझे नव्हे. या वादात व्यापाऱ्याचे धान्य भिजते आणि मालकाचे आढे कुजते. दहा-वीस कौलांचा खर्च वाचवून आढे बदलण्याची पाळी आणणे हा कोठला हिशेब? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे १०८ वे कलम सांगते की, मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही त्याने वाजवी मुदतीत न केल्यास भाडेकरूने ती करावी व खर्च सव्याज भाड्यातून वळता करावा. परंतु ‘बंधनकारक’ हा शब्द करारात उतरला नसेल, तर तंटा ठरलेलाच. सबब आमची कोलाडच्या मालकांस व व्यापाऱ्यांस सूचना अशी की, यापुढील प्रत्येक भाडेपट्ट्यात छपराची जबाबदारी कोणाची हे स्पष्ट लिहावे, आणि अक्षय्य तृतीयेपूर्वी उभयतांनी मिळून पाहणी करून मृगाच्या आत काम पुरे करावे, अशी अट घालावी.