ढोलीचे झाड राखावे

कूपाची तोड सुरू झाली की वाळलेल्या, पोकळ झाडावर बहुधा कोणी दया दाखवीत नाही. त्यातून इमारती लाकूड निघत नाही, म्हणून ते जळणास जाते. आमच्या मते हा हिशेब अपुरा आहे.

रानपिंगळ्याचेच पाहा. १८८४ नंतर अभ्यासकांस त्याचा खात्रीलायक ठाव लागला नव्हता. तो नामशेष झाला असे समजले जाई. १९९७ साली शहाद्यानजीक सातपुड्याच्या रानात तो पुन्हा दिसला. (रानातल्या माणसांस तो तत्पूर्वी ठाऊकच नसेल, हे पटत नाही.) सरडे, उंदीर व किडे खाणारा हा पक्षी दिवसाही हिंडतो. घरट्यासाठी मात्र त्यास झाडाची तयार ढोली लागते. नव्या लागवडीतील साग कितीही सरळ वाढला, तरी त्यास ढोली पडण्यास कित्येक वर्षे जावी लागतात.

गावाची जळणाची गरज खरी आहे. ती नाकारून चालणार नाही. परंतु मोळी पडलेल्या फांद्यांचीही बांधता येते. ग्रामसेवकांनी गावच्या वन समितीत ढोलीच्या झाडांची यादी करवून ती तोडीतून वगळण्याचा आग्रह धरावा. झाडांवर हातोड्याचा शिक्का पडण्यापूर्वी हे व्हावयास हवे. नंतर सांगून उपयोग नाही.