घरी आलेल्या बाळाची तारीख चुकू नये

अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ काचेच्या पेटीतून घरी आलं की घरादाराचा जीव भांड्यात पडतो. मात्र पुढची निगराणी तिथूनच सुरू होते. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचं दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावंच लागतं. उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. ऐकू येतं का, मान वेळेवर धरली का, हेही पाहावं लागतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरोघरची बाळं वाचवली. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशाताई ४२ दिवसांत सहा घरभेटी देतात, वजन करतात, अंग गार पडलंय का बघतात.

डोळ्यांच्या तपासणीला मात्र शहरच गाठावं लागतं. मिरजगावसारख्या गावातून नगरला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. म्हणून आमची मागणी साधी आहे: डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण मराठीत लिहा, आशाताईला त्याच दिवशी फोन करा आणि आजारी बाळाला मिळणारं मोफत वाहन या फेऱ्यांनाही द्या.