माथेरानची शांतता आणि तिचें ओझें

शाळेच्या सहलीचा विषय निघाला कीं माथेरानचें नांव हटकून पुढें येतें, आणि तें यथायोग्यच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें अडीच हजार फूट उंचीवरचें, तांबड्या मातीच्या वाटांचें आणि दाट छायेचें हें ठिकाण मुंबईकरांस एका दिवसांत पाहून परत येतां येतें. शिवाय गांवांत मोटारीचा वावर नाहीं. रस्त्यावर मुलांना निर्धास्त मोकळें सोडतां येईल असें दुसरें गांव आज कोणा पालकानें शोधून दाखवावें! परंतु ही शांतता फुकटची नव्हे. तिचें मोल कोणी तरी देत असतो, आणि तो बहुधा पाहुणा नसतो.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनीं माथेरान ‘शोधून काढलें’ असें पुस्तकांतून वाचावयास मिळतें. ठाकूर, कातकरी आणि धनगर लोक त्या डोंगरावर आधींपासून वावरत होतेच. तेव्हां साहेबांनीं शोधली ती जागा नव्हे, हवा खाण्याची सोय, असें म्हणणें अधिक खरें होईल. पुढें आदमजी पीरभाय ह्यांच्या घराण्यानें नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी डोंगरावर चढविली. ती १९०७ सालीं सुरू झाली. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीनें तो मार्ग ठिकठिकाणीं वाहून गेला आणि २००७ सालीं पुनः चालू झाला. ही गाडी लहान आणि मंद. एका वेळीं किती माणसें वर यावयाचीं ह्याला तिच्यामुळें आपोआपच मर्यादा होती. घाटांतील मोटाररस्त्यानें ती मर्यादा मोडली.

तरीही मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच येते. तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर पुढें पायीं, गाडीनें किंवा घोड्यावरून जावें, असा ह्या गांवाचा जुना दंडक आहे. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, तेव्हां त्या दंडकास कायद्याचेंही पाठबळ मिळालें. पाहुण्याला ‘इतकेंच’ म्हणावयास धैर्य लागतें. इटलींतील व्हेनिस शहरानें २०२४ सालीं ठराविक दिवशीं दिवसापुरत्या येणाऱ्या प्रवाशांवर पांच युरोंचा कर बसविला, त्याची जगभर चर्चा झाली. आपल्या ह्या डोंगरावरील नगरपरिषदेनें येणाऱ्यांकडून प्रवासी कर घेण्यास त्याच्या किती तरी आधीं सुरुवात केली आहे. २०११ च्या जनगणनेंत ज्या गांवाची वस्ती पांच हजारही भरली नाहीं, त्यानें हें करून दाखवावें ह्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

परंतु मोटार नाहीं म्हणजे ओझें नाहीं असें नव्हे. पाहुण्याच्या ताटांतला भात ज्या तांदुळाचा, त्याचें पोतें. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. त्याच्या अंगाखालची गादी. आणि पुष्कळदां खुद्द पाहुणाच! हें सारें माणसाच्या डोक्यावरून, हातगाडीवरून आणि घोड्याच्या पाठीवरून वर्षानुवर्षें गेलें. हातरिक्षेंत एक धडधाकट गृहस्थ बसावयाचा, एक माणूस पुढून ओढावयाचा, एखाद-दुसरा मागून लोटावयाचा. आणि बसणारा झाडीची स्तुति करावयाचा. झाडें वांचलीं खरीं. परंतु त्याची किंमत ह्या माणसांच्या छातीनें आणि गुडघ्यांनीं दिली.

ह्या रिक्षावाल्यांची बाजू न्यायालयापुढें नेण्यांत गांवच्याच एका निवृत्त शिक्षकानें पुढाकार घेतला, ही गोष्ट शाळेच्या वार्षिकांत नमूद केलीच पाहिजे. विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनें २०२२ सालीं आरंभिला गेला. ऑगस्ट २०२५ मध्यें त्याच न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची चाल मानवी प्रतिष्ठेस विरोधी ठरवून ती सहा महिन्यांत बंद करावी आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय लावावी, असा आदेश दिला. आज विजेची रिक्षा, उद्यां मोटार, अशी भीति कांहीं निसर्गप्रेमी मंडळींस वाटते. त्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्या भीतीवर उपाय म्हणून रिक्षांची संख्या बांधून घ्यावी आणि परवाने जुन्या रिक्षावाल्यांनाच द्यावे; माणसाला जुंपून ठेवणें हा उपाय नव्हे.

घोडेवाल्यांचा प्रश्न ह्याहून अवघड आहे. रिक्षा आली तर घोड्यावर कोण बसेल, हें त्यांचें म्हणणें पोटाचें आहे. दुसरीकडे, नाक्यावर नवख्या प्रवाशांस खोटीनाटी माहिती देऊन लुबाडलें जातें, ह्या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्यें गांवानें स्वतःच बंद पाळला. धंद्याच्या गांवानें आपलीं दुकानें आपल्याच हातानें बंद करणें हें लहान काम नव्हे. येथें दरपत्रक, त्यावर गांवाची सही आणि तें नाक्यावर ठळक मराठींत व इंग्रजींत लावणें, एवढ्यानेंही पुष्कळ भांडणें मिटतील असें आम्हांस वाटतें.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आमच्या शाळेंत सर्वांस पाठ आहे. त्यानें जखमी माणसाला उतारशाळेंत पोंचविलें हें सर्वांच्या ध्यानांत राहतें. त्यानें उतारशाळेवाल्यास पैसे दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना तोही भरून देईन असें सांगितलें, हा भाग आपण घाईनें वाचतों. माथेरानला जाणारा पाहुणा भाडें देतो. पण अधिक खर्च कोण देतो? शार्लोट तलावाचें पाणी गांव वर्षभर पुरवून वापरतें, तें हॉटेलांतील न्हाणीघरांत सुटीच्या दोन दिवसांत भडाभडा जातें. टाकलेली प्रत्येक बाटली पुनः कोणाच्या तरी खांद्यावरून डोंगर उतरते. हा अधिक खर्च करांत धरला जावा, आणि त्यांतून जमलेला पैसा कशावर गेला हें गांवानें दरवर्षीं छापून सांगावें.

शाळांनीं काय करावें? सहली शनिवार-रविवार सोडून न्याव्या. दुपारपुरतें जाऊन आरडाओरडा करून परतण्यापेक्षां एक रात्र राहावें, म्हणजे गांवांतल्या माणसास दोन पैसे मिळतात आणि मुलांना पहांटेचे पक्षी ऐकूं येतात. प्रत्येकानें आपली पिशवी आपणच उचलावी, रिकाम्या बाटल्या नेरळपर्यंत परत आणाव्या, आणि जेथें ओझेंवाला घ्यावाच लागेल तेथें त्याच्याशीं घासाघीस करूं नये. सहलीची वर्गणी त्यामुळें थोडी वाढेल. पालकांनीं तेवढी कुरकूर करूं नये.