भिंतीवर मांडलेला दिवस

सकाळचे सात वाजलेले असतात. "ऊठ. दात घास. आता अंघोळीला जा. टॉवेल घेतलास का?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज अखंड चालू असतो. ज्याला उद्देशून हे चाललेले असते, तो मुलगा शाळकरी वयाचा नसून पंचवीस वर्षांचा असतो. त्याला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असतो.

वास्तविक यांतील प्रत्येक कृती त्याला येते. एक काम संपले हे ओळखणे, पुढचे कोणते हे ठरवणे आणि त्याकडे वळणे, येथे त्याचे अडते. ती उणीव आई वर्षानुवर्षे आपल्या शब्दांनी भरून काढते. त्यातून एक वेगळीच सवय जडते. सूचना कानी पडेपर्यंत हात हलत नाही.

"आमच्यामागे याचे कसे होणार?" हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो. व्यापारी कुटुंबांत त्याचे उत्तर बहुधा मुदत ठेवीत, दुकानातील वाट्यात किंवा धाकट्या भावाने दिलेल्या शब्दात शोधले जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकही नेमता येतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु दात घासून झाल्यावर पुढे काय, हे त्या कोणत्याही कागदात लिहिलेले नसते. ते केवळ आईच्या आवाजात असेल, तर त्या आवाजाबरोबर मुलाचा दिनक्रमही हरवतो.

यावरचा एक उपाय साधा आहे. तो म्हणजे चित्रांचे वेळापत्रक. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभारलेला 'टीच' हा उपक्रम १९७२ मध्ये राज्यव्यापी झाला. स्वमग्नतेचा दोष आईवडिलांच्या माथी मारण्याचा तो काळ होता. शॉप्लर यांनी तो समज नाकारून आईवडिलांना उपचारातील सहकारी मानले. त्यांच्या पद्धतीत दृश्य वेळापत्रकाला मध्यवर्ती स्थान आहे. बोललेला शब्द क्षणात विरतो. चित्र जागेवर राहते आणि पुन्हा पाहता येते.

वेळापत्रक करताना त्या व्यक्तीला काय समजते, हे आधी पाहावे. कोणाला प्रत्यक्ष वस्तू लागते, कोणाला छायाचित्र, तर कोणाला लिहिलेली यादी पुरते. छायाचित्र त्याच्याच ब्रशचे, त्याच्याच बादलीचे असावे. आरंभी सकाळची चार-पाच कार्डे वरून खाली लावावीत. काम झाले की कार्ड काढून 'झाले' असे लिहिलेल्या पाकिटात टाकायचे. शिकवणाऱ्याने शक्यतो मागे उभे राहावे आणि तोंडाने न सांगता हाताने फलकाकडे वळवावे. पुढे हा आधारही हळूहळू कमी करावा. त्याला आईकडे न पाहता फलकाकडे पाहण्याची सवय लागणे, हेच खरे शिक्षण.

प्रौढ व्यक्तीसाठी बालिश चित्रे नकोत. खिशातील छोटी वही किंवा मोबाइलमधील यादी अधिक शोभते. विश्रांतीची व आवडीची कार्डेही त्यात हवीत आणि त्यांतील निवड त्याची असावी. पाहुणे येणार असतील, दुकान बंद राहणार असेल, तर 'बदल' असे वेगळे कार्ड आधीच लावावे. या कार्डाची ओळख प्रथम एखाद्या सुखद बदलाने करून द्यावी, म्हणजे त्याची धास्ती बसत नाही.

दुकानातही हीच रीत चालते. कापडाच्या दुकानात डावीकडे घडी घातलेले दहा सदरे, मध्ये पिशव्या, उजवीकडे रिकामे खोके आणि शेवटी चहाचे चित्र. काम किती, ते संपले कधी आणि त्यानंतर काय, ही तिन्ही उत्तरे समोर दिसतात. अशा कामाचा मोबदला त्याच्या हाती रोख दिला, तर त्याचे मोलही त्याला दिसते.

काही काळाने सारे सुरळीत चालू लागते आणि कोणीतरी म्हणते, "आता या चित्रांची काय गरज?" येथेच चूक होते. फलक काढला की घडी विस्कटते. फलकाचा आधार घेणे यात कमीपणाही नाही. ज्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला जातो, उधारी कधीच केवळ स्मरणावर सोडली जात नाही, त्या घराला हे वेगळे सांगायला नको. पेढी लिहून चालते. मुलाचा दिवसही भिंतीवर मांडून चालेल.

आरंभासाठी पाच छायाचित्रे आणि एक पाकीट पुरेसे आहे. काही महिन्यांनी सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात शांतता असेल. मग आईला मुलाशी बोलताना सूचनांखेरीज इतरही काही बोलता येईल.