सुट्टी मिळाली, विसावा मिळाला का?

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी १८८४ पासून लढत होते. सुट्ट्या किती, हे आता कॅलेंडर सांगतं. त्या सुट्टीत माणूस खरोखर सावरतो का, हे मोजायला मात्र फार उशिरा सुरुवात झाली.

जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली सोळा विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. फावल्या वेळात तुम्ही काय केलंत, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. कामाचा विचार डोक्यातून गेला का? जीव सैलावला का? नवं काही शिकण्याचा आनंद मिळाला का? आणि तो वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही स्वतः ठरवलंत का? प्रत्येक अनुभवासाठी चार विधानं, उत्तर एक ते पाच या मोजपट्टीवर. पुढच्या संशोधनातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली : ज्यांच्यावर कामाचा ताण जास्त, म्हणजे ज्यांना विसाव्याची गरज जास्त, त्यांनाच कामातून मन काढून घेणं अधिक जड जातं.

आम्हाला यातला शेवटचा प्रश्न कळीचा वाटतो. दिवाळीत एखाद्या नोकरदार बाईचा चकलीचा घाणा कढईत असताना ओट्यावरचा फोन वाजतो. ऑफिसच्या ग्रुपवर ‘फक्त पाच मिनिटं’ असा निरोप असतो. पिठाचे हात पदराला पुसून ती उत्तर लिहिते, तोवर घाणा करपतो. हजेरीपटावर ती रजेवर आहे. पण त्या दिवसातला कुठला तास तिचा होता? साहेबांनी निरोप पाठवला नसता, तरी घरानं तो तास तिला दिला असता का?

फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याच्या हक्काबाबत कामगारांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा. ऑफिसात तणावमुक्तीची शिबिरं भरवून ही उणीव भरून निघणार नाही, त्यातून ती शिबिरं शनिवारी असतील तर नाहीच.

कायद्याची वाट न पाहता करण्यासारखंही आहे. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात, त्यांनी लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एकही निरोप धाडू नये. घरच्यांनी फराळाचं काम वाटून घ्यावं. आणि वाचकहो, हा अंक हाती घ्याल तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!