पत्ते मोजायला गोव्याला निघालात? आधी हा हिशोब बघा



मागच्या रविवारी वाशिंदची बॅच संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. मुरबाडकडचा. मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, डिपॉझिटसाठी दोन लाख जमवलेत. म्हणाला, "सर, दुकान सहा महिन्यांनी टाकतो. आधी गोव्याला जाऊन येतो. ब्लॅकजॅकचे पत्ते मोजायला शिकलोय, ॲपवर रोज प्रॅक्टिस करतो. फक्त कॅसिनोवाल्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून काय करतात, तेवढं सांगा."

जुगार वाईट, हे भाषण मी दिलं नाही. ते त्याला घरी मिळालंच असेल. मी वही उघडली. तोच हिशोब आज तुमच्यापुढे मांडतो, कारण तसले रील तुमच्याही मोबाईलवर येतात.

पत्ते मोजणं थाप नाही

हे आधी मान्य करू. ब्लॅकजॅकमध्ये वाटलेला पत्ता बाजूला जातो, पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. लहान पत्ते जास्त निघून गेले की उरलेल्या गठ्ठ्यात दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्के जास्त राहतात. ते खेळणाऱ्याच्या फायद्याचं असतं. म्हणून मोजणारा २ ते ६ ला अधिक १ धरतो, ७ ते ९ ला शून्य, आणि दश्शीपासून एक्क्यापर्यंत उणे १. बेरीज चढली की पैज मोठी, उतरली की लहान.

हे जमतं, असं एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने १९६२ मध्ये पुस्तक लिहून दाखवलं. पुढे अमेरिकेत एमआयटीच्या मुलांनी अशी टीम चक्क कंपनीसारखी चालवली. गुंतवणूकदार, भांडवल, ट्रेनिंग, परीक्षा, सगळं. २००८ चा '२१' हा सिनेमा त्यावरूनच निघाला.

पण फायदा किती? चांगल्या मोजणाऱ्यालाही साधारण १ टक्का. आता गुणाकार करा. सरासरी १,००० रुपयांची पैज, तासाला १०० डाव, म्हणजे १ लाखाची उलाढाल. त्यावर १ टक्का म्हणजे १,००० रुपये. आणि त्याच तासात नशिबाने दहा-बारा हजार वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं. काही चूक न करता माणूस १०,००० घालवून उठतो. सलग काही बैठका अशा गेल्या की दोन लाखांचं काय होईल?

लपायचं कसं, आणि त्याचा खर्च

कॅसिनोचं लक्ष तुमच्या पैजेवर असतं. गठ्ठा चांगला झाला की नेमकी तेव्हाच ५०० ची पैज ५,००० होते, हे कॅमेऱ्यातून कळतं. म्हणून मोजणारे टीम करतात. एक जण लहान पैज लावत बसून मोजतो. बेरीज चढली की खूण करतो, मग दुसरा 'श्रीमंत पाहुणा' येऊन पहिल्यापासूनच मोठी पैज लावतो. कोणी दारू चढल्याचं नाटक करतं, कोणी मुद्दाम चुकीचा डाव खेळतं. केन अस्टन नावाचा प्रसिद्ध खेळाडू तर वेषांतर करून जायचा.

यातल्या प्रत्येक नाटकाला पैसे लागतात. मुद्दाम केलेली चूक त्या १ टक्क्यातूनच कापली जाते. टीम म्हणजे तेवढे वाटेकरी.

हाच अस्टन कोर्टात गेला. १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की पत्ते मोजतो एवढ्यावरून कॅसिनो आपल्या मर्जीने त्याला बाहेर काढू शकत नाही. मग तिथल्या कॅसिनोंनी गठ्ठे वाढवले आणि पत्ते लवकर पिसायला सुरुवात केली. आज तर सतत पिसणारं मशीन मिळतं. ते टेबलावर लावलं की मोजणी खलास. नियम बदलायचा अधिकार समोरच्याच्या हातात होता आणि तिथेच राहिला.

आता आपल्याकडचा हिशोब

महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये तो रद्दही केला. म्हणून आपली पोरं पणजीला, मांडवीतल्या बोटींवर जातात. गोव्याच्या रहिवाशांना मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी आहे. ज्या दुकानाची पायरी सरकार स्वतःच्या माणसांना चढू देत नाही, तिथे तुम्ही भांडवल घेऊन निघालात.

चिप घेताना भरलेल्या रकमेवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे. वर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, सेस वेगळा. आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही. समजा वर्षात जिंकलेल्या बैठकांची बेरीज ५ लाख आणि हरलेल्यांची ४ लाख ९० हजार. हातात उरले १०,०००, कर बसला दीड लाख. १ टक्क्याचा धंदा इथेच बुडाला.

माझी कबुली

मी हे का सांगतोय? कारण मीही हेच केलंय, पत्त्यांऐवजी तेल-साखरेत.

बीबीए करून दुकान टाकलं तेव्हा कल्याणच्या एका मोठ्या मार्टमध्ये ऑफरचं तेल आणि साखर माझ्या होलसेलरपेक्षा स्वस्त पडायची. एका बिलावर ठरावीकच पाकिटं मिळायची. मग मी, बायको, बाबा, चुलतभाऊ, चौघं चार लाइनीत. वेगवेगळे मोबाईल नंबर. मी टोपी घालून दुसऱ्यांदा आत. दुपारच्या कसारा लोकलने पिशव्या वाशिंदला. स्वतःला फार हुशार समजत होतो!

पाच महिने चाललं. एक दिवस गार्डने ओळखलं. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "दुकानासाठी नेताय ना? हे घरगुती कस्टमरसाठी आहे." त्यांचं बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कालचाच भाव मागायला लागलं. माझ्याकडे ना तो माल, ना उधारी देणारा व्यापारी. पाच महिने मी लपण्यात घालवले होते, एकाही होलसेलरशी नातं जोडलं नव्हतं. ते जोडायला पुढे वर्ष गेलं. काही गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत.

माझं मत

जो फायदा दुसऱ्याच्या नजरचुकीवर उभा असतो, तो वाढवता येत नाही. वाढवला की दिसतो, दिसला की बंद होतो. दुकानाचं उलटं असतं. जितके जास्त लोक ओळखतात तितकी उधारी, बँक आणि गिऱ्हाईक सोपं होतं. म्हणून आपण पाटी लावतो आणि ते टोपी घालतात.

कोणी म्हणेल, सर, आम्ही मसाल्याचं प्रमाणही लपवतोच की. लपवा ना! पण मसाला विकताना तुम्ही तोंड लपवत नाही.

आज गल्ला मोजल्यावर वहीत तीन उत्तरं लिहा:

१. माझा फायदा समोरच्याला कळला, तर उद्या माझा धंदा चालेल का?
२. नियम बदलायचा अधिकार कोणाकडे आहे?
३. उलाढाल दुप्पट झाली तर मला आनंद होईल की भीती वाटेल?

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "रोज तासभर पत्ते मोजतोस ना? महिनाभर तोच तास कव्हर आणि चार्जरचे भाव मोज. कोण किती दिवसांची उधारी देतो ते लिहून काढ. मग दोन लाख कुठे लावायचे ते तू ठरव." त्याने अजून काही कळवलेलं नाही. थॉर्पनेही पुढे टेबल सोडलं आणि १९६९ मध्ये गुंतवणुकीची फर्म काढली.

तुमची 'टोपी' कोणती होती? कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत.