विश्लेषण : बोट ओढायला डिझेल ट्रक की ‘गॅस’? अमेरिकेतील गणित का बदलले?
अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल, सीएनजी नव्हे. ट्रेलरवर बोट लादून तलावावर नेणारे तिथे पुष्कळ, आणि ‘वजन ओढायचे तर डिझेलच’ हा त्यांचा जुना हिशेब. तो आता डळमळला आहे. फोर्डच्या ३.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ५०० पाउंड-फूट, तर शेव्हरोलेच्या ३ लिटर डिझेलचा ४९५! फोर्डने २०२१ मध्ये एफ-१५० मधून डिझेल काढले. रॅम १५०० मधून ते २०२३ मध्ये गेले.

डिझेल मायलेज जास्त देते, हे खरेच. पण संघीय कर गॅलनमागे २४.४ सेंट, पेट्रोलवर १८.४. शिवाय युरियाचे द्रावण भरत राहायचे. खरी मेख काजळी अडवणाऱ्या फिल्टरची. छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि तो तुंबतो. रविवारी जवळच्या तलावावर जाणाऱ्याची फेरी नेमकी अशीच.

बोट चार-पाच टनांची, वाट लांबची आणि घाटाची असेल, तर मात्र हेवी-ड्युटी डिझेलच बरे. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक मोठा आधार देतो. बोट पाण्याबाहेर काढताना, शेवाळलेल्या ओल्या उतारावर, इंधनापेक्षा फोर-व्हील ड्राइव्हच जास्त कामी येतो.